ताप, ताठलेली मान आणि पाठीतलं पाणी : जिवाणूंचा मेंदूज्वर म्हणजे नेमकं काय?

ताप आला की आधी मेडिकलवरून गोळी, मग गावातल्या डॉक्टरांची सुई, दोन दिवस वाट बघायची आणि नाहीच उतरला तर तालुक्याला न्यायचं. आपल्याकडचा हा ठरलेला क्रम बहुतेक तापांना चालून जातो. एका तापाला तो चालत नाही. जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर, ज्याला डॉक्टर बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणतात, तो सकाळी अंगणात खेळणाऱ्या पोराला रात्रीपर्यंत बेशुद्ध करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार हा आजार झालेल्या दर सहा जणांपैकी एक जण दगावतो. दर पाचांपैकी एकाला बहिरेपणा, फिट्स किंवा अपंगत्व असं काहीतरी कायमचं मागे राहतं.

या आजारावर शंभर-सव्वाशे वर्षं संशोधन चालू आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या उपकेंद्रापर्यंत, ग्रामीण रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचलंय. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे रुग्ण घरातून उशिरा निघतो. दुसरं म्हणजे दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर 'पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल' म्हणाले की घरचे सही द्यायला तयार होत नाहीत. म्हणून खाली त्या तपासणीबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

नावाचा घोळ

आपल्याकडे 'मेंदूज्वर' हा एकच शब्द दोन-तीन वेगळ्या आजारांना वापरतात. जपानी मेंदूज्वर डासांमुळे पसरतो. चांदीपुरा वालुमाशीमुळे पसरतो. त्या विषाणूला नावच मुळी नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून पडलं, कारण १९६५ मध्ये तो पहिल्यांदा तिथे सापडला. हे दोन्ही विषाणू थेट मेंदूवर हल्ला करतात.

आपण ज्याबद्दल बोलतोय तो आजार मेंदूभोवतीच्या आवरणांचा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावर पातळ पडदे असतात आणि त्या पडद्यांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात हा द्रव साधारण दीडशे मिली. जिवाणू या पाण्यात शिरले की पडद्यांना सूज येते, कवटीच्या आत दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो.

यात डासांचा काही संबंध नाही. हे जिवाणू माणसाच्याच नाका-घशात राहतात आणि खोकला, शिंक, लाळ यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गंमत म्हणजे ज्यांच्या घशात ते असतात, त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. एखाद्याच्याच बाबतीत ते रक्तात उतरतात आणि तिथून मेंदूच्या पाण्यात जातात. रक्तात त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी असतात, मारक द्रव्यं असतात. मेंदूच्या पाण्यात ही फौज जवळजवळ नसतेच. राखण नसलेल्या रानात जनावरं शिरावीत तसा प्रकार होतो. आजार तासातासाने वाढतो तो यामुळे.

कसं ओळखायचं?

पुस्तकात तीन खुणा देतात : ताप, मान ताठणे आणि शुद्ध हरपत जाणे. पण तिन्ही एकत्र दिसण्याची वाट बघू नका. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांच्या ६९६ केसेसचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये छापून आला. त्यात या तिन्ही खुणा एकदम असलेले रुग्ण निम्म्यापेक्षाही कमी, म्हणजे ४४ टक्केच निघाले. मात्र डोकेदुखी, ताप, ताठ मान आणि गुंगी या चारपैकी किमान दोन गोष्टी ९५ टक्के रुग्णांमध्ये होत्या. म्हणजे जोरात ताप आणि कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, किंवा ताप आणि बडबड-गुंगी, एवढ्यावरच निघायला हवं. सोबत उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, झटके येऊ शकतात. हनुवटी छातीला टेकवायला सांगितलं तर मान वाकत नाही.

अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठले आणि काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी ते फिके पडले नाहीत, तर ती रक्तात विष पसरल्याची खूण असू शकते. सावळ्या अंगावर हे ठिपके पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि डोळ्याच्या पापणीची आतली बाजू बघा.

तान्ह्या बाळाचं सगळंच वेगळं. त्याची मान ताठेलच असं नाही. ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकतं. बाळ अंगावर पीत नाही, सारखं झोपून राहतं किंवा किरट्या आवाजात रडतं आणि उचलून घेतलं की जास्तच रडतं. टाळू फुगलेली लागते. आशाताई बाळाला बघायला घरी येतात तेव्हा 'पितंय का, अंग गरम-गार आहे का' असं उगाच विचारत नाहीत.

झटका आला तर बाळाला किंवा माणसाला कुशीवर वळवा आणि कपडे सैल करा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषीकडे जायचं असेल त्यांनी नंतर जावं, आमची हरकत नाही. आधी १०८ ला फोन करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि चिठ्ठ्या सोबत न्या. गावात एखादं अँटिबायोटिक अर्धवट घेतलं असेल तर आजार बरा होत नाही, पण तपासणीत जिवाणू मात्र लपून बसतो. डॉक्टरांना हे आधीच माहीत असेल तर ते त्या हिशेबाने रिपोर्ट वाचतात.

'पाठीतून पाणी काढलं की पोरगं लुळं पडतं'

हे वाक्य ऐकलं नाही असं गाव सापडणं अवघड. कुणाच्या तरी पाहुण्याच्या पोराचं पाणी काढलं होतं आणि पुढे ते चालू शकलं नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट खोटीच असते असं नाही. पण पोरगं लुळं पडलं ते आजारामुळे. ज्याला आजार जास्त झाला त्याचंच पाणी काढलं गेलं, आणि दोष सुईच्या माथी आला.

सुई नेमकी कुठे जाते ते समजून घ्या. मज्जारज्जू पाठीच्या कण्यात खालपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळात थोडा खाली. सुई त्याच्याही खाली, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच, तर पाण्यात तरंगणाऱ्या नसांच्या बारीक दोऱ्या असतात आणि त्या सुईपुढे बाजूला सरकतात. सिझेरियनच्या वेळी कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात ते जवळपास याच जागी. आपल्या घरातल्या कितीतरी लेकी-सुना ते घेऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागल्या आहेत.

काढतात तेही थोडंसंच, काही मिलिलिटर. शरीर दिवसभरात साधारण अर्धा लिटर असं पाणी नव्याने तयार करत असतं, त्यामुळे ते लगेच भरून निघतं. नंतर काहींचं एक-दोन दिवस डोकं दुखतं, कंबर दुखते. जर्मनीच्या हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून जगभर ती वापरात आहे.

या पाण्यातून कळतं काय? निरोगी पाणी नितळ असतं, मेंदूज्वराचं गढूळ येतं. जिवाणू असतील तर पांढऱ्या पेशी शेकड्यांनी-हजारांनी वाढतात, साखर घटते आणि प्रथिनं वाढतात. पाण्याचा थेंब काचेवर घेऊन त्याला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जांभळे जोडीजोडीने बसलेले ठिपके दिसले तर एक जिवाणू, गुलाबी कॉफीच्या दाण्यांसारखी जोडी दिसली तर दुसरा. हे तासाभरात होऊ शकतं. कल्चरचा रिपोर्ट यायला मात्र दोन-तीन दिवस लागतात, आणि कोणतं औषध लागू पडेल हे तोच सांगतो. मोठ्या ठिकाणी पीसीआर तपासणी असते. आधी अँटिबायोटिक घेतलं असलं तरी ती जिवाणूचा माग काढू शकते.

काही रुग्णांचं पाणी लगेच काढत नाहीत. खूप गुंगीत असलेल्या, एका बाजूचा हातपाय न हलवणाऱ्या माणसाचा आधी सीटी स्कॅन करावा लागतो. पण त्यासाठी औषध थांबवायचं नसतं. रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. 'रिपोर्टशिवाय सलाईन का लावलं' म्हणून वाद घालू नका, तेच बरोबर आहे.

कोणते जिवाणू?

मुख्य नावं तीन. न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचाही जिवाणू आहे आणि तिघांत सर्वात जास्त नुकसान करणाऱ्यांपैकी. कान सतत वाहणारी मुलं, प्लीहा काढून टाकलेली माणसं यांना त्याचा धोका जास्त. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि नंतर नाकातून पाण्यासारखं गळत राहिलं, तर ते सर्दीचं पाणी समजू नका. कवटीला चीर पडून मेंदूचं पाणी गळत असू शकतं, आणि त्याच वाटेने हा जिवाणू आत जातो.

दुसरा मेनिंगोकॉकस. साथी आणतो तो हाच. अशा साथीची पहिली नीट नोंद स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात १८०५ मध्ये झाली, आणि जिवाणू सापडला १८८७ मध्ये, व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउम यांना. आपल्या देशात दिल्लीत २००५ मध्ये, आणि नंतर मेघालय-त्रिपुरात २००८-०९ मध्ये त्याच्या साथी आल्या. रुग्णाला हा जिवाणू निघाला तर घरातल्या, एका खोलीत झोपणाऱ्या लोकांना डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. ते सगळ्या गावाला लागत नाही. रुग्णाचे कपडे जाळायचीही गरज नाही, कारण शरीराबाहेर हा जिवाणू फार टिकत नाही.

तिसरा हिब. त्याचं पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी. नाव फसवं आहे. १८९२ मध्ये रिशार्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत तो दिसला आणि फ्लू यानेच होतो असा त्यांचा समज झाला. फ्लूचा खरा विषाणू माणसात १९३३ मध्ये सापडला, पण तोवर नाव चिकटलं ते चिकटलंच. हिब लहान मुलांना धरतो, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत.

पहिल्या महिन्यातल्या बाळांना वेगळेच जिवाणू त्रास देतात : ई-कोलाय, क्लेबसिएला, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस. हे बाळंतपणाच्या वेळी किंवा हातांवरून येतात. नाळेला राख, तेल, हळद लावू नका आणि हात धुऊनच बाळाला घ्या असं सांगतात ते याचसाठी.

टीबीचाही मेंदूज्वर असतो आणि आपल्याकडे तो कमी नाही. त्याची चाल मात्र संथ आहे. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, वजन उतरणं, आणि मग गुंगी. जन्मल्यावर दंडावर बीसीजी देतात ती मुख्यतः लहान मुलांना अशा गंभीर टीबीपासून वाचवण्यासाठी.

औषधाचा शोध आणि एक न सुटलेला प्रश्न

औषधं नव्हती तेव्हा हा आजार म्हणजे बहुतेक वेळा मरणच होतं. पहिला उतारा घोड्याच्या रक्तातून आला. सर्पदंशावर आज जे औषध देतात तेही असंच घोड्यांपासून बनतं. अमेरिकेत सायमन फ्लेक्सनर यांनी मेनिंगोकॉकसविरुद्ध असं सीरम बनवलं, कमरेतून टोचलं आणि १९१३ मध्ये सुमारे १३०० रुग्णांचा हिशेब मांडला. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आलं होतं. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली, मग पेनिसिलिन. आता बहुतेक ठिकाणी सेफ्ट्रिअॅक्सोनची इंजेक्शनं शिरेतून देतात. कोर्स साधारण एक ते दोन आठवड्यांचा, बाळांत आणखी लांब. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी घरी न्यायचं नसतं.

पण जिवाणू मेला तरी सूज राहते. उलट जिवाणू फुटतो तेव्हा त्याचे तुकडे पाण्यात पसरून सूज वाढते. मग सूज उतरवणारं स्टेरॉइड सोबत द्यावं का? २००२ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ३०१ मोठ्या रुग्णांवर हे तपासलं. डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यू ७ टक्के, न दिलेल्यांत १५ टक्के. आफ्रिकेतल्या मलावीत मात्र मुलांवर, आणि पुढे मोठ्यांवर, तोच प्रयोग केला तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. औषध तेच होतं. पण मलावीतले रुग्ण उशिरा पोहोचले होते, अनेकांना एचआयव्ही होता, काहींनी आधीच अर्धवट औषधं घेतली होती. म्हणून स्टेरॉइड कुणाला द्यायचं हे डॉक्टर रुग्ण बघून ठरवतात, आणि द्यायचंच तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत. हुकलेल्या वेळेची भरपाई नंतर होत नाही.

पुण्यात बनलेली ४०-५० सेंटची लस

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा एक पट्टा आहे. त्याला 'मेनिंजायटिसचा पट्टा' असंच म्हणतात. डिसेंबर ते जून कोरडा धुळीचा वारा सुटतो, घसा कोरडा पडतो आणि मेनिंगोकॉकसची साथ येते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार मेले. तेव्हाची साधी लस लहान मुलांत टिकत नव्हती. या जिवाणूंच्या अंगावर साखरेचं कवच असतं आणि दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर ते कवच ओळखतच नाही. उपाय असा निघाला की ती साखर धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडायची. अनोळखी माणूस ओळखीच्या माणसाबरोबर दारात आला की लक्षात राहतो, तसं शरीर मग दोघांनाही लक्षात ठेवतं. हिबची लसही याच युक्तीची. १९८० च्या दशकाअखेर ती अमेरिकेत आली आणि तिथला लहान मुलांचा हिब ९९ टक्के कमी झाला.

पण आफ्रिकेसाठी अशी महाग लस कोण बनवणार? आरोग्य अधिकाऱ्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, डोस ५० सेंटच्या आत बसला तरच आम्हाला परवडेल. मोठ्या परदेशी कंपन्यांकडून ते जमलं नाही. जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं आणि लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. 'मेनआफ्रिव्हॅक' ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासो देशात टोचायला सुरुवात झाली. चाडमध्ये २०१२ ला बघितलं तर लस दिलेल्या भागात आजार ९४ टक्के कमी होता. ज्यांना टोचलं नाही त्यांच्याही घशातून जिवाणू जवळपास नाहीसा झाला होता. ही लस चार दिवस बर्फाशिवाय, ४० अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यात नेता येते. ज्यांनी लसीचा डबा घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्यात त्या आपल्या सिस्टरना याचं मोल सांगायला नको. ३० कोटींहून जास्त लोकांना ती दिली गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकाराचा रुग्ण नोंदला गेलेला नाही.

मग त्याच जिवाणूचे दुसरे प्रकार डोकं वर काढू लागले. त्यावर पुण्यातूनच पाच प्रकारांची 'मेनफाइव्ह' आली. २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वात आधी वापरली.

आपल्या मुलांना यातलं काय मिळतं? हिबची लस पेंटाव्हॅलंटमध्ये आहे : दीड, अडीच आणि साडेतीन महिने. न्यूमोकॉकसची पीसीव्ही २०२१ पासून देशभर मोफत आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. खासगीत हिच्या एकेका डोसला हजारो रुपये पडतात. नवव्या महिन्याचा डोस चुकवणारे बरेच असतात, कारण तोवर बाळ गुटगुटीत झालेलं असतं. कार्ड काढून एकदा बघा. मेनिंगोकॉकसची लस आपल्या नियमित लसीकरणात नाही. हज यात्रेला जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे आणि निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

घरी आल्यावर कानाची तपासणी

मूल वाचलं, घरी आलं, सगळं ठीक आहे असं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी हाक मारली तरी बघत नाही असं लक्षात येतं. जिवाणूंचा मेंदूज्वर कानाच्या आतल्या शंखालाही इजा करतो, आणि काही मुलांमध्ये तो शंख पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत आतून हाडासारखा भरून यायला लागतो. एकदा तो भरला की कॉक्लियर इम्प्लांटची तार आत घालणंच अवघड होतं. म्हणून सुट्टी मिळण्याआधी किंवा नंतर महिन्याभरात कानाची तपासणी करायची असते. बेरा नावाची ही तपासणी मूल झोपलेलं असतानाही होते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात चौकशी करा, जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या पथकालाही 'याला मेंदूज्वर होऊन गेलाय' एवढं सांगितलं तरी ते पुढची चिठ्ठी करून देतात.